कायम तिथी

॥ श्री ॥

मलकापूर (कराड),
२० जानेवारी २०२५

चि. महावीर यास अक्काचे अ. उ. आ.

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर सगळ्याला हो म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहिते आहे. पत्राला नुसते हो म्हणून सुटता येत नाही. कशाला हो, ते लिहावे लागते.

शनिवारी पौष वद्य पंचमी होती. सकाळी कवठे महांकाळचे कुटुंब आले. जीपभर माणसे, वडिलांचा फोटो, हार आणि श्रीखंडाचे डबे. त्यांच्याजवळ आपल्या आप्पांच्या, ते अध्यक्ष असतानाच्या सहीचे १९९६ सालचे कायम तिथीचे प्रमाणपत्र आहे. एकदा रक्कम भरायची, आणि त्या तिथीला वृद्धाश्रमातल्या सर्वांना त्यांच्या वडिलांच्या नावे गोडाचे जेवण, यावच्चंद्रदिवाकरौ. चंद्रसूर्य अजून आहेत, म्हणून ते दरवर्षी येतात. त्यांच्या मागोमाग कुपवाडहून सम्मेद आला. तुझ्या दुकानात चहाला बसतो तोच, वर्कशॉपवाला. त्याच्याजवळही वडिलांचा फोटो, हार आणि बारा किलो जिलेबी. आणि तुझ्या सहीची गेल्या दिवाळीतली पावती. तीच पंचमी, तेच चंद्रसूर्य.

भोजनगृहात फोटोसाठी खिळा एकच आहे. महांकाळचे म्हणाले, आमी तीस वर्सं येतोय, ह्ये कवा उगवले? सम्मेद म्हणाला, तुम्ही तेव्हाच्या भावानं भरलंय, मी आजच्या भावानं. मग दोन्हीकडच्या बायका बोलायला लागल्या. मी सांगितले, दोन्ही वडिलांना व्हरांड्यात उभे करा आणि आधी पंगत बसू द्या, आतली माणसे उपाशी आहेत. सम्मेदला ते लागले. लागू दे.

खरा त्रास पुढे झाला. चार नंबरच्या खोलीतल्या बायकांना अंथरुणातच वाढावे लागते. तिथे दोन्ही घरच्या मंडळींनी चढाओढीने भरवले. रंगुबाईंना साखरेचा आजार आहे हे मी दोनदा सांगितले. सम्मेदच्या आई म्हणाल्या, एका जिलेबीनं काय होतंय, बाई? तीन भरवल्या, वर श्रीखंड. रंगुबाई दोन दिवस दवाखान्यात होत्या. आज आणले.

आता तुला माहीत असलेलेच पुन्हा लिहिते, कारण कार्यवाह मी असले तरी खजिनदार तू आहेस. आप्पांनी तिथी दिल्या तेव्हा पंधराशे रुपयांच्या व्याजात सगळ्या आश्रमाला शिरा-पुरी होत होती. आज त्या व्याजात अर्धा किलो जिलेबी येते. वर्षातल्या सगळ्या तिथी विकून झाल्या आहेत, म्हणून रोज गोड करावेच लागते, आणि वरचा खर्च चालू खात्यातून जातो. बेचाळीस माणसे रोज कोणाच्या तरी वडिलांच्या नावे गोड खातात, आणि रात्रपाळीच्या बयाबाईंना आणि त्यांच्या जोडीदारणीला दोन महिने पगार नाही. अध्यक्ष तानाजीरावांनी १६ फेब्रुवारीच्या बैठकीसाठी विषय दिला आहे : एक एप्रिलपासून चार नंबरची खोली बंद करणे आणि तिथल्या अकरा जणींना नातेवाइकांच्या स्वाधीन करणे.

भरलेल्या तिथींवर तू आणखी किती पावत्या फाडल्या आहेस, ते लेखी कळव.

गुणमालास आशीर्वाद. माझा लोभ आहेच. उत्तराची वाट पाहते, फोनची नाही.

विजयमाला


॥ श्री ॥

सांगली,
२७ जानेवारी २०२५

ती. अक्कास महावीरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानावर आलं. पोस्टमन म्हणाला, शेठ, हातानं लिहिलेलं पाकीट लय दिवसांनी बघितलं, कोर्टाचं तर नाही? मी म्हटलं, त्याच्या वरचं आहे.

पावत्या सतरा-अठरा असतील. वीसही असतील. बघून सांगतो.

अक्का, तू रागावणार हे धरूनच लिहितो. हे कसं होतं ते एकदा दुकानात येऊन बघ. माणूस आईला पोहोचवून दहा-बारा दिवसांनी पेठेत येतो. हळदीचा सौदा राहतो बाजूला, तो पोत्यावर बसतो आणि रडायला लागतो. म्हणतो, अण्णा, आईसाठी कायमचं काहीतरी करायचंय. त्याला मी काय सांगू? तुझी आई चुकीच्या दिवशी गेली, ती तिथी भरलेली आहे? चार दिवस आधी किंवा नंतर गेली असती तर जमलं असतं? तुला जमेल असं सांगायला. मला नाही जमत. मी पावती फाडतो. पैसे आश्रमाच्याच खात्यात जातात, माझ्या घरी एक रुपया आलेला नाही, हे तुलाही माहीत आहे.

चार नंबरचं म्हणशील तर तानाजीरावांचं चूक नाही. आप्पांचा नियम होता, जो स्वतःच्या पायांनी जेवायला येईल त्यालाच आश्रमात प्रवेश. या अकरा जणी आल्या तेव्हा चालत आल्या होत्या, मग एकेक करून पडल्या. त्यात आपला दोष नाही, त्यांचाही नाही. पण अंथरुणावरचं माणूस म्हणजे दवाखान्याचं काम. आपण आश्रम चालवतो. ज्यांना पुतणे-भाचे आहेत त्यांनी न्यावं. ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी सरकारी काहीतरी असेलच ना.

बाकी तू सम्मेदच्या वडिलांना व्हरांड्यात उभं केलंस ते पेठेत सगळ्यांना कळलं. लोक विचारतात, तुमची अक्का अजून कॉलेजात शिकवती काय? मी म्हणतो, कॉलेज सुटलं, शिकवणं सुटलं नाही.

गुणमालानं सांडगे आणि मेतकूट पाठवलंय. रंगुबाईंना आता बरं असेल. तुझी मया आहे तशी राहू दे, हिशेब नंतर घे.

तुझा,
महावीर


॥ श्री ॥

मलकापूर,
५ फेब्रुवारी २०२५

चि. महावीर यास अ. उ. आ.

बैठकीची वाट न पाहता तानाजीरावांनी नातेवाइकांना फोन लावायला सुरुवात केली. पहिला फोन हरणाबाईंच्या पुतण्याला. तो सोमवारी आला. दारातच उभा राहिला, रुमाल नाकाशी नेला आणि लाजून पुन्हा खिशात ठेवला. वाईट माणूस नाही. म्हणाला, बाई, आमच्यात दोन खोल्या, पोरगी बारावीला, बायको पहाटं टोळीबरोबर ऊस तोडायला जाती, हिला बघायचं कुनी? मी म्हटले, कोणीतरी बघावे लागेल एवढे खरे. तो आत गेला, हरणाबाईंच्या पायावर डोके ठेवले, उशीखाली पाचशेची नोट सारली आणि निघून गेला. ती नोट हरणाबाईंनी मला दिली. माझ्या तिथीला घाला, म्हणाल्या. इतकी वर्षे इथे राहून त्यांना एवढेच कळले आहे, की पैसे दिले की आपल्या नावाने जेवण होते. रात्री त्यांची कूस बदलणारी बाई कशावर जगते, हे त्यांनाही कोणी सांगितलेले नाही.

तू चार नंबरच्या खोलीत रात्री कधी थांबलेला नाहीस, म्हणून लिहिते. दोन बायका मिळून अकरा जणींना दर दोन तासांनी वळवतात. ओले झाले की बदलतात. न वळवल्यास पाठीला जखमा होतात, आणि त्या जखमा भरत नाहीत. बयाबाईंना कराडच्या एका दवाखान्याने बोलावले आहे, पगार दीडपट. त्या अजून गेलेल्या नाहीत. किती दिवस जाणार नाहीत, हे मी विचारत नाही, कारण उत्तर ऐकायचे नाही.

सरकारी काहीतरी असेलच, असे तू लिहितोस. मी चौकशी केली आहे. असले की कळवीन.

माझा प्रस्ताव असा. ज्या घरची जी तिथी आहे, त्या तिथीचे जेवण सोडून त्यांनी त्या तिथीची रात्र आपल्या माणसाच्या नावे करावी. फळ्यावर ‘आजचे अन्नदाते’ लिहितो, तिथे ‘आजची रात्र’ लिहू. त्या दिवशी साधा वरणभात होईल. गोडाचा खर्च वाचेल, त्यात ठेवीचे व्याज मिळवून रात्रपाळीचा पगार निघेल. वकिलांना विचारले. कुटुंबाची लेखी संमती आणि विश्वस्तांचा ठराव असेल तर धर्मादाय कार्यालयाकडे रीतसर अर्ज करता येतो.

दुसऱ्याकडे सही मागायची तर आधी आपली हवी. आप्पांची तिथी फाल्गुन शुद्ध दशमी, यंदा ९ मार्च, रविवार. तुझी संमती बैठकीच्या आत पाठव. नमुना सोबत जोडला आहे.

पाठ फार दुखते, म्हणून थांबते. तुम्हा दोघांना आशीर्वाद. माझ्यावर राग धरलास तरी चालेल, सही धरून ठेवू नकोस.

विजयमाला


॥ श्री ॥

सांगली,
१० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

नमुना परत पाठवतो आहे. सही केलेली नाही.

तू म्हणतेस ना, महावीरला नाही म्हणता येत नाही. घे, म्हटलं.

अक्का, पेठेत चाळीस वर्षं काढलीत, माणूस कशासाठी खिशात हात घालतो ते मला कळतं. लोक बापाच्या नावानं जिलेबी वाढतील, बापाच्या नावानं डायपर बदलणार नाहीत. फळ्यावर ‘आजची रात्र कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलंस तर ज्याच्या बापाचं नाव तो फळा पुसून जाईल. पंगतीत चार पाहुणे येतात, म्हातारी माणसं तोंड गोड करून हात वर करतात, फोटो निघतो. रात्रीचा फोटो कशाचा काढणार?

आणि आप्पांचं तर मुळीच नको. तुला आप्पा सभेतले आठवत असतील, ठराव मांडणारे. मला तुपाची तपेली घेऊन पंगतीतून फिरणारे आठवतात. नको म्हणणाऱ्याच्या पोळीवर आधी धार सोडायचे. वर्षात तो एक दिवस आम्ही सगळे मलकापूरला येतो. आमची पोरगी भाग्यश्री तेवढ्यासाठी पुण्याहून येते. गुणमाला आदल्या दिवशी पुरण घालते. त्या दिवशी मी वाढायला उभा राहिलो की मला वाटतं, आप्पा मागे आहेत. ते मी रात्रपाळीला कसं देऊ? रात्री मी तिथे नसतोच.

बैठकीला मी येतो आहे, पण मत तुझ्या बाजूनं देणार नाही. आधीच सांगतो, म्हणजे तिथे सगळ्यांसमोर माझ्याकडे बघत बसणार नाहीस.

येताना तुझ्या पाठीसाठी तेल आणतो. ते तरी घे. धाकट्यावरची मया काढून घेऊ नकोस.

महावीर


॥ श्री ॥

सांगली,
२२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कांना गुणमालाचा शि. सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. चुकलं-माकलं लाल शाईनं सुधारू नका.

बैठकीतून आल्यावर यांनी सगळं सांगितलं. तानाजीराव तुम्हाला म्हणाले म्हणे, बाई, तुमचं खरं हाय, पर खऱ्यावर कुनी सही करत न्हाई, पंधरा मार्चपत्तुर ऐंशी घरच्या सह्या आना, मग खोली वरीसभर ऱ्हाऊ दे, न्हाईतर बंद. ते सांगताना हे जरा खुशीत होते. अक्काला ऐंशी काय, आठ मिळायच्या नाहीत, म्हणाले. वर आणखी म्हणाले, आप्पांच्या नावाची अक्का शोभा करायला निघालीय.

मला बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. मी विचारलं, सासूबाई शेवटचं दीड वर्ष अंथरुणावर होत्या, त्यांना रात्री किती वेळा उठवावं लागायचं? हे म्हणाले, आई रात्रीची शांत झोपायची की. मी म्हटलं, शांत तुम्ही झोपायचात. त्या तीनदा-चारदा हाका मारायच्या. पहिली हाक हळू, तुमची झोप मोडू नये म्हणून. मी सकाळी कोरडं पांघरूण घालून ठेवायचे, आणि तुम्ही दुकानाला जाताना त्यांच्या पाया पडून जायचात.

जेवण तसंच ठेवून हे उठले. दुसऱ्या दिवशी तुमचा नमुना शोधत होते. त्यांनी परत पाठवलेला ना, मग ऋषिराजच्या छपाईच्या दुकानात जाऊन नवीन छापून आणला. शंभर प्रती. पहिली सही आप्पांच्या तिथीवर, स्वतःची. मग सौदे सोडून सगळी पेठ फिरले. अक्का, लोकांना यांना नाही म्हणता येत नाही, जसं यांना लोकांना येत नाही. चार दिवसांत चौतीस सह्या झाल्या.

आता जे यांना लिहिता येईना ते लिहिते. तीन दिवस कागद घेऊन बसले होते, वर नुसतं ‘ती. अक्कास’ एवढंच. सम्मेद आणि त्याच्या बरोबरचे लोक सही द्यायला तयार आहेत. पेठेतले बाकीचेही त्यांच्याकडे बघून देतील. पण त्यांची अट आहे, मार्चनंतर तुम्ही कार्यवाह नको. सम्मेद म्हणतो, रात्र देतो, वर वर्षाची गादी-चादर देतो, पण ती बाई असताना त्या फाटकातून आत जायचा नाही. माझ्या वडलांना तिनं उभं केलंय. तानाजीरावांनाही ते बरंच वाटलंय, असं यांच्या बोलण्यावरून कळलं. त्यांच्याशिवाय ऐंशी होत नाहीत. आम्ही दोघांनी तीनदा मोजलं.

तुम्ही नाही म्हणालात तरी मी तुमच्या बाजूनं. एवढं मनात असू द्या, आणि औषध वेळेवर घ्या.

तुमची,
गुणमाला


॥ श्री ॥

मलकापूर,
२६ फेब्रुवारी २०२५

सौ. गुणमाला हीस अ. उ. आ.

पत्र मिळाले. लाल शाईची गरज पडली नाही.

आईविषयी तू लिहिलेस त्याला उत्तर पत्रात देता येणार नाही. भेटीत देईन, किंवा देणार नाही.

अटीचे. मी अकरा वर्षे कार्यवाह आहे. दमले आहे हे खरे, पण दमले म्हणून जाते आहे असे कोणी म्हणू नये. त्या खोलीसाठी जाते आहे, आणि तेही सह्या हातात पडल्यावर. आधी ऐंशी संमती, मग माझा राजीनामा. उलट क्रमाने काहीही होणार नाही, हे सम्मेदला सांग. मी त्याच्या वडिलांची क्षमा मागावी, असेही तो म्हणाला असेल. तू ते गाळलेस. मागते. त्यांचा काही दोष नव्हता. त्याची मागणार नाही.

माझ्याही दोन अटी आहेत.

पहिली. माझ्या जागी तू. तानाजीराव महावीरचे नाव सुचवतील, कारण तो सर्वांना आवडतो. म्हणूनच तो नको. त्याच्या हाती पावतीपुस्तक आले तर तो वर्षाचे सातशे दिवस करील. तुझे बी. ए. अर्धवट राहिले हे कारण मला सांगू नकोस. मी अर्थशास्त्र शिकवले आणि इथे येऊन गॅसच्या टाक्या मोजल्या. अंथरुणावरच्या माणसाला रात्री काय लागते हे विश्वस्तांपैकी एकालाही माहीत नाही. तुला माहीत आहे. बाकीचे मी महिनाभरात शिकवते.

दुसरी. तू आत येशील त्या दिवशी महावीरने खजिनदारपद सोडायचे. एका घरातली दोन माणसे एका वेळी पुन्हा नकोत. आप्पा अध्यक्ष असताना काका खजिनदार होते, पुढे आम्ही दोघे. घरातल्या घरात एकमेकांना कोण विचारणार? कोणी विचारले नाही, म्हणून तर तीस वर्षे कायम तिथी वाटत राहिलो. खजिनदार बाहेरचा आणा, तुझ्याशी भांडेल असा.

तुला आठवड्यातले चार दिवस मलकापूरला राहावे लागेल. माझ्याकडे खोली आहे. महावीरच्या जेवणाचे काय, असे विचारशील. त्याला विचारू दे.

तुझ्याविषयी मला माया आहे. ती मी कधी बोलून दाखवली नाही, हे मला ठाऊक आहे.

विजयमाला


॥ श्री ॥

सांगली,
१५ मार्च २०२५

ती. अक्कास महावीरचा सा. न. वि. वि.

तुला माझं दुकान बंद पाडायचं असतं तरी मी समजू शकलो असतो. तू स्वयंपाकघरच बंद पाडलंस. गुणमाला सोमवार ते गुरुवार मलकापूरला. मला वरणभात शिकवून झालाय, कुकरच्या शिट्ट्या मोजतो. पेठेतले विचारतात, वैनी कुठं? म्हणतो, नोकरीला. हसतात. हसू देत.

सह्या आज त्र्याऐंशी झाल्या. सम्मेदची आहे. कवठे महांकाळचे नाहीत. मी स्वतः गेलो होतो, चहा झाला, कणसं दिली, पण म्हातारीनं सांगितलं, आमच्या मालकास्नी गोड लय आवडायचं, आमी गोडच घालणार. मी म्हटलं, मग आजच्या भावानं भरा. ती म्हणाली, भरतो की, आदी कुनी इचारलं न्हाई. हे मात्र खरं आहे, अक्का. आपण तीस वर्षांत कोणाला विचारलंच नाही.

माझ्या वीस पावत्या झाल्या होत्या. बावीस, खरं सांगायचं तर. त्यातल्या सोळा घरांनी रात्र घेतली. सहा जणांना पैसे परत केले, दुकानातून. ते मला मागू नकोस आणि त्यावर बोलूही नकोस.

आप्पांच्या दिवशी तू होतीसच, तरी लिहितो. फळ्यावर त्यांचं नाव ‘आजची रात्र’ खाली बघून मला पंगतीत उभं राहवेना, म्हणून मी चार नंबरमध्ये जाऊन बसलो. रंगुबाई म्हणाल्या, तुमी नवीन डाक्टर काय? मी म्हटलं, नाही, आप्पांचा पोरगा. मग त्यांनी मला त्यांच्या पायाखालची उशी सारखी करायला लावली. एकदा केली, नीट झाली नाही, पुन्हा करायला लावली. तुझ्यासारख्याच आहेत. वरणभात सगळ्यांनी खाल्ला. भाग्यश्रीनं दोनदा घेतला. पुरणपोळ्या गुणमालानं केल्याच होत्या, गाडीच्या डिकीत होत्या. येताना कासेगावच्या पुढं गाडी थांबवून आम्ही रस्त्याकडेला उभं राहून खाल्ल्या. तूप सांडलं. तुला सांगणार नव्हतो.

काल एक माणूस दुकानात आला. आई गेलेली. पोत्यावर बसला, रडला, म्हणाला, अण्णा, कायमचं काहीतरी. मी म्हटलं, कायमचं आता काही देत नाही, एक वर्षाचं आहे, आणि जेवण नाही, रात्र आहे. म्हणजे काय, ते सांगितलं. तो पोत्यावरून उठला. मग म्हणाला, माझ्या आईला रात्रीच त्रास व्हायचा. आणि पत्ता विचारला.

खजिनदारकीचा राजीनामा सोबत आहे. या वेळी सही केली आहे.

धाकट्याला विसरू नकोस. रविवारी जेवायला येतो, तूच कर काहीतरी.

महावीर


॥ श्री ॥

मलकापूर,
३१ मार्च २०२५

सौ. गुणमाला हीस अ. उ. आ.

आपण एकाच घरात राहतो आणि तू शेजारच्या खोलीत आहेस, तरी हे लेखी देते. तोंडी दिलेले कोणी कोणाला दिले, हे पुढे सांगता येत नाही.

कालच्या बैठकीत राजीनामा मंजूर झाला. तानाजीरावांनी शाल दिली आणि म्हणाले, बाई, रागराग करत का हुईना, तुमी खोली राखली. मी म्हटले, वर्षभर. पुढच्या मार्चला पुन्हा सह्या लागतील, तेव्हा आतापासून दारोदार जायला लाग. मला भाषण करायला सांगितले होते. केले नाही. घरी येऊन दुपारची झोपले. गेल्या कित्येक वर्षांत झोपले नव्हते. उद्यापासून मी आश्रमात येणार नाही. अडलीस तर विचार, पण आधी अडून बघ.

लोभ वाढवण्याचे माझे वय नाही. आहे तो तुझ्याकडे राहील.

विजयमाला

कार्यभार दिल्या-घेतल्याची नोंद

कार्यालय, कोठी, औषधांचे कपाट आणि मागचे फाटक यांच्या किल्ल्या. मागच्या फाटकाची किल्ली लागत नाही. कुलूप बदलावे.

संस्थेचा शिक्का, इतिवृत्त, बँकेची पुस्तके. पावतीपुस्तके तीन, पैकी एक सांगलीहून परत आलेले, उरलेली पाने रद्द केली आहेत.

कुटुंबांच्या संमती त्र्याऐंशी, धर्मादाय कार्यालयाला दिलेल्या अर्जाची पोच. उत्तर आलेले नाही.

रात्रपाळीच्या दोन्ही बायकांचा पगार मार्चअखेर पूर्ण. विजेचे बिल देणे आहे. गॅसच्या टाक्या भरलेल्या चार.

निवासी एक्केचाळीस, सर्व हजर.

खोली नंबर चार : खाटा अकरा, बायका दहा. हरणाबाई २३ मार्चला पहाटे गेल्या. पाठीला जखम नव्हती. पुतण्या येऊन सर्व करून गेला. रिकाम्या खाटेसाठी तीन अर्ज आले आहेत, तिघीही अंथरुणावरच्या. घ्यायचे की नाही, आणि कोणाला, ते नव्या कार्यवाहांनी ठरवायचे आहे.

आजची रात्र, चैत्र शुद्ध द्वितीया : कोणाच्याही नावे नाही. बयाबाई आठला येतील.

दिले : विजयमाला
घेतले : गुणमाला